घरचं अंदाजपत्रक बारा महिन्यांचं हवं

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी-मार्च आला की आधी केंद्राचं, मग राज्याचं आणि आपल्या महापालिकेचं अंदाजपत्रक येतं. आपण त्यावर पानंच्या पानं देता आणि आम्ही ती वाचतोही. जमेला काय, खर्चाला काय, तूट किती, कर्ज किती, हे सरकारला विचारायचा आपल्याला हक्क आहे आणि तो बजावलाच पाहिजे. हेच प्रश्न घरातल्या माणसांनी एकत्र बसून आपल्या घरालाही विचारावेत, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी एका नागरी सहकारी बँकेत नोकरी केली. शेवटची बरीच वर्षं वसुली विभागात होते. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीतून लोक येऊ लागले. कुणाची सून, कुणाचा भाचा, आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या ताईंची बहीण. सगळ्यांचं म्हणणं साधारण एकच, "पगार येतो आणि कुठे जातो कळत नाही. कर्ज तर जागचं हलत नाही." मी त्यांच्याबरोबर वही घेऊन बसते. त्याचे पैसे घेत नाही आणि कुठली पॉलिसीही विकत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मोफत सल्ला म्हटलं की पुढे काहीतरी गळ्यात मारतील अशी शंका लोकांना येते आणि ती रास्त आहे.

वसुलीत काम करताना एक गोष्ट डोळ्यांत भरायची. हप्ते वर्षभर सारखे थकत नाहीत. ते जून-जुलैत थकतात, दिवाळी झाली की थकतात, लग्नसराई आटोपली की थकतात. कारणं विचारली तर शाळेची फी, गणवेश, गणपतीला गावी जाणं, दिवाळीची खरेदी, भाचीच्या लग्नातला आहेर. यातला एकही खर्च न सांगता आलेला नसतो. जूनमध्ये शाळा उघडणार हे पोरालाही माहीत असतं. तरीही घराचा हिशेब पगारापासून पगारापर्यंतचा असतो आणि त्यात या खर्चांना जागाच ठेवलेली नसते. मग ते कार्डावर जातात, पतसंस्थेच्या कर्जात जातात, नाहीतर मेहुण्याकडून हातउसने घेतले जातात. म्हणून माझं ठाम मत आहे की कर्ज उतरवायचं आणि चार पैसे शिल्लक टाकायचे, तर अंदाजपत्रक वर्षाचं केलं पाहिजे. महिन्याचा हिशेब चांगल्या काटकसरी माणसालाही फसवतो.

एका घराचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, हिशेबाची रीत तीच ठेवली आहे. धनकवडीत भाड्याने राहणारं जोडपं, मुलगी सहावीत. तो कंपनीच्या बसने शिरवळला जातो, हातात ४१,००० येतात. ती घरी ब्लाउज शिवते. तिची कमाई आषाढात जेमतेम ५,००० आणि लग्नसराईत त्याच्या दुप्पट-तिप्पट. महिन्याचा हिशेब तिने स्वतःच लिहून आणला होता आणि फार नीटनेटका लिहिला होता. घरभाडं १३,५००, किराणा ६,५००, दूध २,१००, भाजी-फळं २,६००, वीज-गॅस-मोबाइल २,७००, पेट्रोल १,८००, मुलीचा क्लास १,५००, गावी सासू-सासऱ्यांना ३,०००, औषधं ८००, किरकोळ १,०००. हे झाले ३५,५००. त्यावर हप्ते होते दुचाकीचा ३,१००, मोबाइलचा १,६०० आणि क्रेडिट कार्डाची दरमहाची किमान रक्कम ४,०००. सगळं मिळून ४४,२००. शिवणाचे कमीत कमी ५,००० धरले तर जमा ४६,०००, म्हणजे १,८०० शिल्लक.

महिन्याला १,८०० शिल्लक दाखवणाऱ्या घराच्या कार्डावर ८०,००० कसे साचले, हे दोघांनाही उमगत नव्हतं. त्याला वाटायचं हिच्या हाताला धरबंध नाही. तिला वाटायचं हा मित्रांवर उडवतो.

मी वहीचं नवं पान उघडायला लावलं आणि डाव्या बाजूला एप्रिल ते मार्च असे बारा महिने लिहून घेतले. मग एकेक आठवत गेलो. एप्रिलमध्ये गावची जत्रा, ५,५००. जूनमध्ये फी ३४,००० आणि वह्या-पुस्तकं, गणवेश, दप्तर, रेनकोट मिळून ६,०००. गणपती ३,५००. दिवाळी १५,०००. विम्याचा वर्षाचा हप्ता १२,०००. गाडीचा विमा आणि पीयूसी २,०००. आहेर ८,०००. दवाखाना, कारण वर्षातून एकदा-दोनदा तरी घरात ताप येतोच, ८,०००. बेरीज आली ९४,०००. जमेला दिवाळीचा बोनस ३०,००० आणि लग्नसराईतली शिवणाची जादा कमाई तेवढीच. तरी ३४,००० उघडे राहिले. महिन्याच्या १,८०० चे वर्षाला २१,६०० होतात. म्हणजे काहीही चैन न करता, कुणीही न चुकता, या घराला दर वर्षी १२,४०० रुपयांची तूट येत होती. ती तूट कार्डावर जात होती आणि तिच्यावर व्याज चढत होतं. ते पान बघितल्यावर दोघांनी एकमेकांना दोष देणं थांबवलं. माझ्या मते वर्षाच्या अंदाजपत्रकाचा हा पहिला फायदा. कर्जाने घरात जी धुसफूस होते ती निम्मी तिथेच मिटते.

आता कार्डाविषयी, कारण आजकाल माझ्याकडे येणाऱ्यांत कार्डवालेच जास्त. बहुतेक कार्डांचा व्याजदर महिन्याला तीन ते पावणेचार टक्के असतो. साडेतीन धरला तर वर्षाला ४२ टक्के. थकबाकी ८०,००० असेल तर महिन्याचं व्याज २,८००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५०४. झाले ३,३०४. किमान रक्कम थकबाकीच्या पाच टक्के धरली तर भरायचे ४,०००. त्यातून मुद्दलात जमा होतात फक्त ६९६ रुपये. माणूस मात्र आपण दर महिन्याला चार हजार फेडतो आहोत या समजुतीत असतो. शिवाय मागची बाकी राहिलेली असली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज कार्डावर घेतलेल्या किराण्यावर आजपासूनच व्याज लागतं. किमान रक्कमच भरत राहिलं तर फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबते, हा इशारा बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. तो छापलेला असतो, पण इतक्या बारीक अक्षरात की चष्मा लावूनही नजर त्यावर ठरत नाही. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डाच्या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. त्यामुळे ३० टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही असं कुणी सांगितलं, तर त्या भरवशावर राहू नये.

त्या जोडप्यापुढे मार्ग होता. त्याच्या कारखान्यात नोकरदारांची पतपेढी आहे. तिथे १२ टक्क्यांनी, घटत्या शिल्लकेवर, कर्ज मिळत होतं. ८०,००० चा दोन वर्षांचा हप्ता येतो सुमारे ३,७६६. नीट बघा, हा हप्ता कार्डाच्या किमान रकमेपेक्षा कमी आहे आणि दोन वर्षांत खातं निल होतं. दोन वर्षांचं सगळं व्याज मिळून साधारण १०,४००. कार्डावर एवढं व्याज आणि कर तीन-सव्वातीन महिन्यांत जातो. मुदत ठेव असेल तर तिच्यावरचं कर्ज बहुधा याहून स्वस्त पडतं. घरात पडून असलेल्या सोन्यावरही कर्ज काढता येतं, पण सोडवायची तारीख वहीत लिहिल्याशिवाय मंगळसूत्र किंवा पाटल्या तारण ठेवायला मी कुणालाच सांगत नाही.

इथे दोन गोष्टींना फार जपलं पाहिजे. एक, व्याज घटत्या शिल्लकेवर आहे की 'फ्लॅट', म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच, हे कर्ज घेण्यापूर्वी विचारायचं. फ्लॅट १२ टक्के म्हणजे दोन वर्षांच्या कर्जाला प्रत्यक्षात साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतात. ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी किरकोळ कर्जदाराला सगळे आकार धरून वार्षिक दर दाखवणारं मुख्य तथ्य विवरण द्यायचं आहे. ते मागून घ्या, आणि सहीच्या आधी मागा. दुसरी गोष्ट, कर्ज काढून कार्डाची बाकी भरली की कार्ड बंद करायचं. ते तसंच पाकिटात राहिलं तर वर्षभरात नवं कर्ज आणि भरलेलं कार्ड असे दोन्ही डोक्यावर बसतात. वसुलीत मी अशी घरं पुष्कळ पाहिली. बाकी शून्य असताना बंद करण्याचा अर्ज दिला की कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद करणं बँकेला बंधनकारक आहे. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. 'साहेब, थोडे दिवस थांबा, ऑफर देतो' असे फोन येतील, त्यांना नम्रपणे नाही म्हणावं.

राहिली १२,४०० ची तूट. मोबाइलचा हप्ता चार महिन्यांत संपणार होता. मी त्यांना एवढंच म्हटलं की हप्ता संपला तरी त्याच तारखेला तेवढेच १,६०० वार्षिक खर्चाच्या खात्यात वळवायचे. उरलेल्या आठ महिन्यांचे १२,८०० होतात. तूट भरली. दर महिन्याच्या शिल्लकीचे १,८०० ही त्याच खात्यात. दुचाकीचा हप्ता पुढच्या वर्षी संपेल, तेव्हा त्या ३,१०० ची खरी बचत सुरू होईल. त्याआधी बचतीची मोठी स्वप्नं मी त्यांना दाखवली नाहीत. मोबाइलचा हप्ता संपला की नवा मोबाइल घेण्याचा मोह होतो, आणि घराघरांत कर्जाची साखळी तुटत नाही ती नेमकी याच वळणावर.

लोक विचारतात, डोक्यावर कर्ज असताना शिल्लक कशाला टाकायची? हिशेबाने त्यांचं बरोबर आहे. बचत खात्यावर अडीच टक्क्यांच्या आसपास व्याज मिळणार आणि कार्डाला ४२ भरणार. तरीही भाडं आणि किराणा भागेल एवढी एका महिन्याची रक्कम आधी बाजूला पडली पाहिजे, असा माझा आग्रह असतो. ती नसेल तर मुलीला डेंग्यू झाला किंवा गाडीचं इंजिन खोललं की माणूस पुन्हा कार्डाकडे वळतो, आणि एकदा वळला की 'आपल्याच्याने हे होणार नाही' म्हणून वही माळ्यावर टाकतो. तेवढी रक्कम जमली की मात्र उरलेला प्रत्येक रुपया सर्वांत महाग कर्जाकडे जायला हवा. कार्डावर बाकी असताना पीपीएफमध्ये पैसे टाकणारे लोक मला भेटतात. पीपीएफ चांगलीच योजना आहे, पण २०२० च्या एप्रिलपासून तिचा दर ७.१ टक्के आहे. ४२ टक्क्यांची थकबाकी फेडणं हीच त्या घडीला सगळ्यांत मोठी कमाई आहे. खातं चालू राहावं म्हणून वर्षाला किमान ५०० रुपये भरा, बाकीचे कार्डाला.

कर्जं फेडायचा क्रम मी व्याजदरावरून लावते. सर्वांत छोटं कर्ज आधी संपवा म्हणजे उमेद वाटते, असंही काहीजण सांगतात. त्यात तथ्य आहे, पण पन्नास हजारांच्या आत आटोपणारी बाब असेल तरच. सावकाराचं कर्ज मात्र कितीही असलं तरी सर्वांत आधी फेडावं. महिन्याला दहा टक्क्यांनी पैसे देणारे अजूनही शहरात आहेत, बाजाराच्या आसपास तर फारच. महिन्याला दहा म्हणजे वर्षाला एकशे वीस. महाराष्ट्रात सावकारी नियमनाचा २०१४ चा कायदा आहे. त्याखाली परवानाधारक सावकारालाही बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही आणि परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते. घाबरून गप्प बसणारी घरं मी पाहिली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते. नातेवाइकांचे हातउसने मात्र थोडेथोडे का होईना, ठरलेल्या तारखेला परत करत राहावेत. तिथे व्याज नसतं, पण येणं-जाणं तुटतं.

तरुण मुलांसाठी मोबाइलवरच्या कर्जाबद्दल. सप्टेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचे नियम असे आहेत की कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या बँक खात्यात आली पाहिजे, आणि ॲपला तुमच्या फोनमधल्या नंबरांची यादी, फोटो, कॉलच्या नोंदी मागता येत नाहीत. जे ॲप ही परवानगी मागतं त्याच्या वाटेला जाऊ नये. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. मी स्वतः वसुलीत काम केलं आहे, त्यामुळे आई-वडिलांना, ऑफिसातल्या सहकाऱ्यांना फोन करून बदनामी करणं ही वसुली नव्हे, हे अधिकाराने सांगते. असा त्रास झाला तर आधी कर्ज देणाऱ्या बँकेकडे किंवा वित्त कंपनीकडे लेखी तक्रार द्या. तिथे दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. 'नो कॉस्ट ईएमआय'बद्दलही सावध राहा. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सुनावलं होतं. व्याज किमतीत मिसळलेलं असतं, किंवा रोखीने घेतल्यावर मिळणारी सूट आपण सोडलेली असते.

सुरुवात कशी करायची, हे विचारणाऱ्यांना मी आधी गेल्या वर्षीची भिंतीवरची दिनदर्शिका आणायला सांगते. पुष्कळ घरांत ती फेकलेली नसते, दाराच्या मागे किंवा कपाटाच्या खणात असते. तिच्यावर सगळं लिहिलेलं सापडतं. 'दूध नाही', 'गॅस लावला', 'बाबांचं रक्त तपासलं', 'पिंट्याचं लग्न, हडपसर', 'गाडी सर्व्हिसिंगला', 'फी शेवटची तारीख'. या नोंदींच्या शेजारी पासबुक आणि मोबाइलवरून दिलेल्या पैशांची यादी ठेवली की वर्षाचा खर्च एका दुपारी उभा राहतो. बायकांच्या हातचं हे लिखाण किती मोलाचं आहे ते तेव्हा नवऱ्यांना कळतं. चौकोनात बारीक पेन्सिलीने लिहिलेले आकडे जुळवत जाताना एखादा खर्च असा निघतो की दोघंही तो विसरलेले असतात. एका घरात पाण्याच्या टँकरच्या नोंदी सापडल्या, उन्हाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी. सोसायटीने वर्गणी काढली की ही माणसं पैसे द्यायची आणि विसरून जायची. वर्षाचा आकडा पाहिल्यावर त्यांनी त्याला अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ दिली.

ज्यांचं स्वतःचं घर आहे त्यांनी एप्रिल-मेच्या रकान्यात मिळकतकर लिहावा. महापालिकेने दिलेल्या मुदतीच्या आत भरला तर सर्वसाधारण करात सवलत मिळते, थकला तर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते. वर्षाला सरळ हिशेबाने चोवीस टक्के झाले, म्हणजे हेही महागडं कर्जच. मी लोकांना दोन आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायच्या ठेवी, काढायला सांगते, एक मेमध्ये संपणारी आणि दुसरी दिवाळीच्या आधी संपणारी. पहिलीतून शाळा आणि मिळकतकर, दुसरीतून सण. ज्यांचं उत्पन्न कमी-जास्त होतं, म्हणजे रिक्षावाले, शिवणकामवाल्या, स्वयंपाकाची कामं करणाऱ्या, त्यांनी सर्वांत वाईट महिन्याची कमाई हाच आपला पगार धरावा आणि बरकतीच्या महिन्यातलं जादा उत्पन्न त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकावं. त्या खात्याला मोबाइलचं पेमेंट जोडूच नये.

उत्पन्नाचे पन्नास टक्के गरजांना, तीस हौसेला आणि वीस बचतीला असे वाटे करा, हा सल्लाही हल्ली सर्रास दिला जातो. धनकवडीच्या त्या घरात भाडं आणि किराणा यांतच जवळपास ४४ टक्के जातात. दूध-भाजी, वीज-गॅस धरले की साठीच्या आसपास पोचतात. त्यांना तो सल्ला देऊन काय उपयोग? अमृततुल्यचा चहा सोडा म्हणजे पैसे वाचतील, असंही सांगतात. कामावरून दमून आलेल्या माणसाचा तो चहा मी कधी बंद करायला लावत नाही. त्याने कुणाचं कर्ज फिटलेलं मी पाहिलेलं नाही. मोठे खर्च कोणते आणि ते कोणत्या महिन्यात येतात, हे एकदा समोर आलं की चहाला जागा उरते.

जामीनदारीबद्दल थोडक्यात. पुण्यात पतसंस्थेच्या कर्जाला दोन जामीनदार लागतात आणि सोसायटीतल्या, ऑफिसातल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. पण कर्जदाराने हात वर केले की वसुली जामीनदाराच्या पगारातून होते. ज्यांनी जामीन दिला आहे त्यांनी तो आकडा आपल्या वहीत कर्जाच्या यादीखाली लिहून ठेवावा.

शिल्लक पडू लागली की ती कुठे ठेवायची हा प्रश्न येतो, आणि पुणेकरांना तो वेगळा समजावून सांगावा लागू नये. रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ साली तिचा परवाना रद्द झाला. मधली सगळी वर्षं ठेवीदारांनी कशी काढली, ते या शहराने पाहिलं आहे. फेब्रुवारी २०२० पासून बँकेतल्या ठेवींना दर ठेवीदारामागे, दर बँकेमागे पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. सहकारी बँकांना ते आहे, पतसंस्थांना नाही. दाराशी येऊन पिग्मी नेणाऱ्या माणसावर आपला विश्वास असतो, तो असावाही, पण हा फरक माहीत असावा. अडीअडचणीची रक्कम तरी विमा असलेल्या बँकेत किंवा पोस्टात ठेवावी. भिशीत ती मुळीच ठेवू नये, कारण आपला नंबर लागेपर्यंत अडचण थांबत नाही.

संपादक महोदय, माझी विनंती अशी. आपल्या दैनिकात गुंतवणुकीवर लेख येतात आणि ते चांगले असतात. ज्यांच्याकडे गुंतवायला काहीतरी आहे त्यांना ते उपयोगी पडतात. पण आपल्या वाचकांत हप्त्यांनी गांजलेली कितीतरी घरं आहेत. त्यांच्यासाठी दर वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास एक अर्धं पान द्यावं. त्यावर बारा महिन्यांचा कोरा तक्ता असावा. डावीकडे महिने, मध्ये नेहमीचा खर्च, वार्षिक खर्च आणि हप्ते, उजवीकडे जमा. खाली कर्जांची यादी, व्याजदर आणि संपण्याचा महिना. पुण्याच्या माणसाला ठाऊक असलेल्या तारखा, मिळकतकराची मुदत, शाळा, गणपती, दिवाळी, आधीच छापलेल्या असाव्यात. कात्री लावून ते पान कापता येईल आणि शीतकपाटाच्या दारावर चिकटवता येईल, अशा आकाराचं असावं. कच्चा तक्ता मी करून देईन, मानधन नको. शहरातल्या शाळांनाही आपल्यामार्फत सांगणं आहे की वर्षाची फी एकदम न मागता हप्त्यांनी घ्यावी आणि पुढच्या वर्षीची फी जानेवारीतच कळवावी, म्हणजे पालकांना तयारीला पाच महिने मिळतील.

पत्र लांबलं आहे, याची कल्पना आहे. जागेअभावी कापावं लागलं तर बाकीचं कापा, पण कार्डाच्या ४,००० पैकी मुद्दलात फक्त ६९६ जातात, तो परिच्छेद आणि एप्रिल ते मार्चच्या पानाचा हिशेब तेवढा ठेवा.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
सहकारनगर, पुणे